नाव कोणी लिहायचं? आशियातले अल्पसंख्याक आणि सरकारी रजिस्टर

सांजवेळ (धागाकर्ती):

डिसेंबर १९७४. इंडोनेशियातल्या मोरोताई बेटावर जपानी फौजेतला एक शिपाई सापडला. दुसरं महायुद्ध संपून एकोणतीस वर्षं उलटली होती आणि हा माणूस जंगलात एकटाच खोपटं बांधून राहत होता. फौजेच्या कागदावर त्याचं नाव नाकामुरा तेरुओ. पण तो जपानी नव्हता, तैवानच्या अमिस या आदिवासी जमातीतला होता. घरच्या भाषेत त्याचं नाव सुनियुओ. अट्टून पालालिन असंही काही ठिकाणी दिलेलं आढळतं. १९७५च्या जानेवारीत तो तैवानला परतला तेव्हा त्याला कळलं की दफ्तरात आपलं नाव आता ली कुआंग-हुई आहे. तो जंगलात असताना तैवानवरची जपानी सत्ता गेली होती, चिनी राष्ट्रवाद्यांची आली होती आणि त्यांनी आदिवासींना सरसकट चिनी नावं लावून टाकली होती.

१९७४च्याच मार्चमध्ये फिलिपिन्सच्या जंगलातून हिरू ओनोदा बाहेर आले, तर जपानने त्यांना डोक्यावर घेतलं. सुनियुओच्या वाट्याला सुरुवातीला अगदी किरकोळ रक्कम आली, कारण कायद्याने तो आता जपानी नागरिक उरला नव्हता. लोकांनी आवाज उठवला तेव्हा ती वाढली. १९७९ मध्ये तो गेला. एका माणसाची तीन नावं, त्यातली दोन त्याला न विचारता दिलेली.

ही गोष्ट बरेच दिवस माझ्या मनातून जात नाही, म्हणून हा धागा. आपण 'अल्पसंख्याक' म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर टक्केवारी येते. मला मात्र वाचता वाचता असं वाटायला लागलंय की आकडा नंतर येतो, आधी नाव येतं. कोणाला काय म्हणायचं, कोणत्या रकान्यात बसवायचं, हे एखाद्या कारकुनाच्या टेबलावर ठरतं आणि मग पुढच्या चार पिढ्या ते ओझं वाहतात.

तैवानचंच पुढे सांगते. १९४६ नंतर तिथे नोंदणीचं काम इतकं घाईत झालं की एकाच घरातल्या भावांना वेगवेगळी चिनी आडनावं मिळाली. नाती कागदावरून पुसली गेली आणि पुढे काही ठिकाणी नकळत जवळच्या नात्यात लग्नं ठरण्यापर्यंत वेळ आली. सरकारी भाषेत या लोकांना म्हणत 'डोंगरी बांधव'. ऐकायला प्रेमळ वाटतं, पण तुम्ही डोंगरातले आणि आम्ही तुम्हाला बांधव म्हणतोय, असा त्यात भाव. १९८४ मध्ये आदिवासी कार्यकर्त्यांची संघटना उभी राहिली आणि दहा वर्षं त्यांनी एका शब्दासाठी लढा दिला: 'मूळ निवासी'. १ ऑगस्ट १९९४ रोजी तो शब्द राज्यघटनेत आला. पुढच्या वर्षी स्वतःचं पारंपरिक नाव नोंदवायची मुभा मिळाली, पण चिनी चित्रलिपीतच, आणि त्या लिपीत त्यांचे उच्चार धड बसत नाहीत. फक्त रोमन लिपीत नाव लिहायची परवानगी मिळायला २०२४ साल उजाडलं.

जपानच्या उत्तरेकडच्या आयनू या मूळ निवासी लोकांचंही असंच. 'आयनू' म्हणजे त्यांच्या भाषेत माणूस. १८६९ मध्ये त्यांच्या बेटाचं नाव होक्काइदो झालं. १८७१ मध्ये त्यांच्या बायकांच्या गोंदणावर बंदी आली. कुटुंब-नोंदणीत त्यांना जपानी धर्तीची नावं लागली आणि १८७८ मध्ये त्यांच्यासाठी सरकारी शब्द ठरला, 'माजी रानटी' अशा अर्थाचा. १८९९ चा जो कायदा त्यांच्या 'संरक्षणा'साठी झाला त्याच्या नावातच हा शब्द होता. मासेमारी आणि शिकारीवर जगणाऱ्या माणसांना त्या कायद्याने पाच-पाच हेक्टर जमीन देऊन शेतकरी व्हायला सांगितलं. तो कायदा रद्द झाला १९९७ मध्ये! म्हणजे आपण कॉलेजात होतो तेव्हा एका प्रगत देशाच्या कायद्याच्या पुस्तकात हा शब्द जिवंत होता.

आणि १९८० मध्ये जपानने संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या अहवालात म्हटलं होतं की नागरी आणि राजकीय हक्कांच्या करारात अभिप्रेत असलेले अल्पसंख्याक आमच्याकडे नाहीतच. शब्द पुसला की माणसंही मोजावी लागत नाहीत.

तुम्ही कुठे राहिलात, काय पाहिलंत, काय वाचलंत ते लिहा. निव्वळ राजकीय पक्षांची भांडणं इथे नकोत, ही विनंती.


पाणकणीस:

सांजवेळ, सुनियुओबद्दल माहीत नव्हतं. वाचून सुन्न झाले. वाचतेय.


दूरदेशी:

मी ओसाकात नऊ वर्षं होतो. तिथल्या इकुनो भागात कोरियन वंशाची वस्ती मोठी आहे. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा एक सहकारी होता; चार वर्षांनी, एका रात्री उशिरा, त्याने मला सांगितलं की त्याचं खरं नाव वेगळं आहे. आजोबा कोरियातून आलेले. ऑफिसात हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मला सांगितलं कारण मी बाहेरचा, मी कोणाला सांगून काय फरक पडणार! त्याचा आवाज हळू झाला होता तेवढं आठवतं.

थोडा इतिहास देतो. कोरिया जपानच्या ताब्यात असताना १९४० मध्ये फर्मान निघालं की कुटुंबांनी जपानी पद्धतीचं आडनाव नोंदवावं. मुदत सहा महिने. कागदावर ते ऐच्छिक होतं, पण मुलाच्या शाळेपासून सगळं अडायला लागलं आणि सुमारे ऐंशी टक्के लोकांनी नोंदवलं. कोरियन माणसासाठी घराण्याचं नाव म्हणजे केवढी गोष्ट, हे त्यांच्यात राहिल्याशिवाय कळत नाही. मग १९५२ मध्ये शांतता करार लागू झाला आणि जपानमध्ये राहणाऱ्या कोरियनांचं जपानी नागरिकत्व सरकारने एका परिपत्रकाने काढून घेतलं. नाव तुमचं घ्या म्हणाले, आणि नाव घेतल्यावर म्हणाले तुम्ही परके.

तिथेच जन्मलेल्या, जपानीशिवाय दुसरी भाषा न येणाऱ्या मुलांनाही परदेशी म्हणून बोटांचे ठसे द्यावे लागत. ऐंशीच्या दशकात अनेकांनी ठसे द्यायला नकार देऊन अटक ओढवून घेतली, तेव्हा कुठे १९९३ पासून कायम रहिवाशांची त्यातून सुटका झाली.

एक खटला सगळ्यांनी माहीत करून घ्यावा असा आहे. पार्क जोंग-सोक नावाच्या तरुणाने १९७० मध्ये हिताची कंपनीत अर्ज केला. अर्जावर आपलं रोजच्या वापरातलं जपानी नाव लिहिलं. निवड झाली. कंपनीने कुटुंब-नोंदणीचा उतारा मागितला, तेव्हा त्याने सांगितलं की मी कोरियन, माझ्याकडे तो असू शकत नाही. कंपनीने नोकरी रद्द केली. म्हणणं असं की तू खोटं नाव लिहिलंस. जन्मभर ज्या नावाने शाळेत हजेरी दिली ते नाव खोटं! चार वर्षं खटला चालला आणि १९७४ मध्ये योकोहामाच्या न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. तो पुढे त्याच कंपनीत नोकरीला लागला.


कातळ:

धागा चांगला आहे, पण एकच बाजू मांडली जातेय असं वाटतं, म्हणून स्पष्ट लिहितो.

रजिस्टर वाईट, कारकून वाईट, असं सरसकट म्हणता येणार नाही. नोंद नसेल तर हक्कही नाही. चीनचं पाहा. १९५३-५४ च्या खानेसुमारीत लोकांना आपली ओळख स्वतः सांगायला सांगितलं, तर चारशेहून जास्त नावं आली. सरकारने अभ्यासक पाठवले, गट पाडले, आणि शेवटी बहुसंख्य हान धरून छप्पन्न ठरवले. शेवटचा जिनो, १९७९ मध्ये. यात खूप लहान समूह मोठ्यांच्या पोटात गेले, हे खरंच. पण मांचू लोकांचा आकडा बघा: १९८२ मध्ये सुमारे ४३ लाख, १९९० मध्ये सुमारे ९८ लाख. आठ वर्षांत इतकी मुलं कशी जन्मतील? लोकांनी आपली नोंद बदलून घेतली. अल्पसंख्याकांना प्रवेशात गुण मिळत, अपत्यांच्या नियमात सवलत होती. शिवाय मांचू असणं आता धोक्याचं राहिलं नव्हतं.

म्हणजे लोक रकान्यातून पळतातच असं नाही, रकान्यात येतातही. ओळख ही दगडावरची रेघ नाही. आपण ती इतकी पवित्र करून ठेवतो की माणसाला बदलायची मोकळीकच उरत नाही. दूरदेशी यांच्या मित्राला जपानी नावानेच जगायचं असेल तर? त्याचीही इच्छा धरायला हवी.


दूरदेशी:

कातळ, तुमचा मुद्दा मान्य. त्याला मीही विचारलं होतं की दोनातलं कोणतं नाव तुला आपलं वाटतं. तो म्हणाला, दोन्ही. पण एक नाव मी सांगू शकतो आणि दुसरं सांगताना आधी दार बंद आहे का बघतो.


सांजवेळ (धागाकर्ती):

कातळ, बरं झालं लिहिलंत. माझं मूळ वाक्य अपुरं होतं. रजिस्टर असणं हा प्रश्न नाही. त्यात काय लिहायचं हे कोण ठरवतं आणि ते बदलायचं असेल तर कोणाकडे जायचं, हा प्रश्न आहे. चीनमधलंच एक उदाहरण: लुगू सरोवराच्या काठी मोसुओ लोक राहतात. एकच सरोवर, एकच भाषा, आईच्या घराण्यावर चालणारी एकच कुटुंबपद्धत. पण सरोवराच्या मधून युन्नान आणि सिचुआनची हद्द जाते. युन्नानच्या बाजूचे मोसुओ कागदावर नाशी, सिचुआनच्या बाजूचे मंगोल. सरोवर ओलांडलं की वंश बदलतो.


नदीपल्याड:

म्यानमारबद्दल लिहितो, कारण 'नोंद नसेल तर हक्क नाही' याचं टोक तिथे दिसतं.

तिथे सरकार १३५ 'राष्ट्रीय वंश' मानतं. १९८२ च्या नागरिकत्व कायद्याचा गाभा असा की तुमचा समूह १८२३ च्या आधीपासून या भूमीवर होता का. १८२३ का, तर १८२४ मध्ये इंग्रजांशी पहिली लढाई झाली; त्यानंतर आलेले ते इंग्रजांमागून आलेले, असा हिशोब. रोहिंग्या १३५ च्या यादीत नाहीत. खरं तर फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टरने १७९९ मध्येच आराकानातल्या, म्हणजे आताच्या राखाइनमधल्या, मुसलमानांच्या तोंडचं 'रूइंगा' हे नाव लिहून ठेवलेलं आहे, पण त्याने यादी बदलत नाही.

२०१४ ची खानेसुमारी तीस वर्षांनी झाली. आधी सांगितलं गेलं, तुमची ओळख तुम्ही सांगा. मग ऐन वेळी ठरलं की 'रोहिंग्या' लिहायचं नाही, 'बंगाली' म्हणाल तरच नोंद. राखाइनमध्ये मोजणीदार दारात यायचे, विचारायचे, उत्तर रोहिंग्या आलं की वही मिटून पुढच्या घरी. माणसं घरात बसलेली असून मोजली गेली नाहीत. पुढच्या वर्षी त्यांची तात्पुरती पांढरी ओळखपत्रंही रद्द झाली. २०१७ च्या ऑगस्टनंतर सात लाखांहून जास्त लोक बांगलादेशात पळाले.

बांगलादेशाबद्दलही लिहायला हवं. ज्या देशाचा जन्मच आपल्या भाषेच्या अपमानातून झाला, त्या देशाची घटना १९७२ मध्ये लिहिली जात असताना सगळ्या नागरिकांना 'बंगाली' म्हणायचं ठरलं. चितगाव डोंगरी भागाचे प्रतिनिधी मानवेंद्र नारायण लारमा यांनी सभागृहात सांगितलं की मी चकमा आहे. बांगलादेशचा नागरिक आहे, पण बंगाली नाही. ऐकलं गेलं नाही. दोन दशकांचा सशस्त्र संघर्ष झाला, १९९७ मध्ये करार झाला, आणि तरी २०११ च्या घटनादुरुस्तीत 'आदिवासी' हा शब्द आला नाहीच. 'उपजाती', 'क्षुद्र जातिसत्ता' असे शब्द आले. बंगालीत क्षुद्र म्हणजे लहान, हे ठाऊक आहे. पण मराठी कानाला जो अर्थ लागतो, तो मला तरी विसरता येत नाही.


शटलकॉक:

इथे अजून इंडोनेशियाचं कोणी लिहिलं नाही. मी जकार्तात पाच वर्षं होतो, आणि त्याआधीपासून बॅडमिंटनवेडा.

१९८० ची ऑल इंग्लंड फायनल आपल्या पिढीला पाठ आहे. प्रकाश पदुकोण यांनी हरवलं ते लिएम स्वी किंग यांना. नाव नीट वाचा: चिनी नाव. आणि त्यांच्या आधी आठ वेळा ही स्पर्धा जिंकणारे रुडी हार्तोनो? जन्मनाव निओ हाप लियांग. दोघेही चिनी वंशाचे, दोघेही इंडोनेशियाचे. एकाचं नाव बदललेलं, एकाचं तसंच राहिलेलं. लहानपणी मला वाटायचं की दोघं वेगवेगळ्या जमातींचे असणार.

झालं असं की १९६५-६६ च्या उलथापालथीनंतर सुहार्तो यांच्या राजवटीत चिनी वंशाच्या लोकांसाठी 'इंडोनेशियन नाव घ्या' असा निर्णय आला, डिसेंबर १९६६ मध्ये. लोकांनी मोठ्या युक्तीने नावं बदलली. लिम असेल तर सालिम किंवा हालिम, तान असेल तर सुतांतो किंवा तानोतो. जुनं नाव नव्या नावाच्या पोटात लपवलेलं. तिथे राहिल्यावर मला आडनावं ऐकून आतलं अक्षर शोधायची सवय लागली होती. नंतर ती सवय मी सोडली, कारण लक्षात आलं की दंगलखोरही हेच करत असणार.

१९६७ मध्ये चिनी सणसमारंभ चार भिंतींच्या आत करायचा हुकूम निघाला. चिनी शाळा, वर्तमानपत्रं बंद. सरकारी शब्दही बदलला: ते लोक स्वतःला 'त्योंगहोआ' म्हणत, सरकारने 'चिना' वापरायचं ठरवलं, ज्यात हेटाळणी होती. आणि एवढं सगळं बदलूनही नागरिकत्वाचा एक वेगळा पुरावा त्यांना जवळ बाळगावा लागे. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये देशाला पहिली सुवर्णपदकं मिळवून देणाऱ्या सुसी सुसांती आणि आलन बुडीकुसुमा यांनाही याचा त्रास झाला. पोडियमवर झेंडा वर जाताना सुसी रडत होत्या, तो फोटो पाहिला असेल तुम्ही.

मे १९९८ च्या दंगलीत दुकानदारांनी शटरवर रंगाने लिहून ठेवलं होतं, 'मूळ रहिवाशाच्या मालकीचं'. घर वाचवायला एक शब्द. ज्यांना तो लिहिता येत नव्हता त्यांची दुकानं जळली, आणि बायकांवर अत्याचार झाले.

पुढे बरं झालं, हेही सांगायला हवं. २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष गुस दुर यांनी सणांवरची बंदी उठवली. २००३ पासून चिनी नववर्षाची देशभर सुट्टी. २०१४ मध्ये 'चिना' जाऊन 'त्योंगहोआ' अधिकृत झालं. पण माझ्या ओळखीच्या कोणीही आजोबांचं जुनं आडनाव परत घेतलेलं नाही. एका बाईंना विचारलं तर म्हणाल्या, शाळेचे दाखले, जमिनीचे कागद, मुलांचे पासपोर्ट, किती ठिकाणी बदलू? आणि पुन्हा वारा फिरला तर?


चहाची पात:

श्रीलंकेच्या मळ्यांतल्या तमिळांचं थोडक्यात. इंग्रजांनी १८२० च्या दशकापासून कॉफीसाठी आणि पुढे चहासाठी तमिळ मुलखातून मजूर नेले. देश स्वतंत्र झाला आणि लगेच, १९४८ मध्येच, नागरिकत्वाच्या कायद्याने यातल्या सुमारे सात लाख लोकांना बाहेर ठेवलं. १९६४ मध्ये शास्त्रीजी आणि सिरिमावो बंदरनायके यांच्यात करार झाला: सव्वापाच लाख भारताने घ्यायचे, तीन लाख तिकडे राहतील. उरलेले दीड लाख १९७४ मध्ये अर्धे-अर्धे वाटले. वाटले हाच शब्द योग्य आहे. जाणाऱ्या-राहणाऱ्यांना कोणी विचारत बसलं नाही. भाऊ इकडे, बहीण तिकडे. राहिलेल्यांना पूर्ण नागरिकत्व मिळालं २००३ च्या कायद्याने.

खानेसुमारीत ते पिढ्यानपिढ्या 'भारतीय तमिळ'. दोनशे वर्षं राहूनही नावात दुसरा देश. आता ते स्वतःला 'मलैयह' म्हणजे डोंगराळ मुलखाचे म्हणवतात. २०२३ मध्ये या दोनशे वर्षांची आठवण म्हणून ते तलैमन्नार ते मातले चालत गेले, ज्या वाटेने पणजोबांना नेलं त्याच वाटेने.


कातळ:

नदीपल्याड, १८२३ ची तारीख वाचून भूतान आठवलं. तिथे १९८५ च्या कायद्याने १९५८ हे साल धरलं आणि १९८८ च्या शिरगणतीत दक्षिणेतल्या नेपाळीभाषक ल्होत्शाम्पांकडे १९५८ ची सारा भरल्याची पावती मागितली. १९५७ ची चालेना, १९५९ ची चालेना. लोकांना एफ-१ ते एफ-७ असे वर्ग लावले. सातवा म्हणजे परका. नव्वदच्या दशकात एक लाखाच्या आसपास माणसं नेपाळच्या झापा आणि मोरंगमधल्या छावण्यांत. पुढे बहुतेक अमेरिकेला गेली. आधीच्या प्रतिसादात मी नोंदीची बाजू घेतली होती. ती सोडत नाही, पण एका वर्षाच्या पावतीवर माणसाचा देश ठरवणं याला मी नोंद म्हणणार नाही.


कुडाची भिंत:

बरेच दिवस नुसता वाचक आहे. आज लिहितो, कारण तारखांचा विषय निघाला आणि तो आमच्या घरातला आहे.

मी कैकाडी. आमची बोली घरात वेगळी, तमिळच्या जवळची, बाहेर मराठी. आपल्या राज्यात विमुक्त-भटक्यांना दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा लागतो. अनुसूचित जाती-जमातींना १९५० चा. टोपल्या विणत गावोगाव फिरणाऱ्या माणसाकडे १९६१ चा कोणता कागद असणार? आणि सांजवेळताईंनी सरोवराचं लिहिलं ना, तसंच आमचं. विदर्भातला कैकाडी अनुसूचित जातीत, बाकी महाराष्ट्रातला विमुक्त जातीत. माझी आत्या अकोल्याला दिली आहे. तिच्या सासरची मुलं एका यादीत, आम्ही दुसऱ्या.

१८७१ हे साल वर आलंय जपानच्या संदर्भात. तेच साल आमचंही. इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला तो १८७१ मध्येच. आमच्यासारख्यांना पुढे त्याखाली आणून सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या आत ठेवलं. माझे आजोबा तिथेच वाढले. दिवसातून ठरलेल्या वेळी हजेरी. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, म्हणून आम्ही विमुक्त. अजूनही आमच्यात काही जण हाच दिवस स्वातंत्र्यदिन म्हणून पाळतात. रेणके आयोग झाला, इदाते आयोग झाला. आमची नीट मोजणी अजून व्हायचीच आहे.

आडनावाचं सांगतो. आजोबा जाधव, त्यांचे सख्खे भाऊ गायकवाड. शाळेत घालताना मास्तरांनी विचारलं, आडनाव काय? आमच्यात तशी पद्धत नव्हती. त्या दिवशी जे सुचलं ते लागलं. माझ्या दाखल्याच्या वेळी एका कार्यालयात मला विचारलं गेलं की सख्खे भाऊ तर आडनावं वेगळी कशी, नातं खोटं दाखवताय का. मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. खाली मान घालून उभा राहिलो. आज तैवानच्या भावांचं वाचलं आणि वाटलं, त्या दिवशी हे माहीत असतं तर निदान मान वर ठेवून सांगितलं असतं.


पाणकणीस:

दादा, दाखला मिळाला का शेवटी?


कुडाची भिंत:

मिळाला. कशावर मिळाला ते सांगतो. सेटलमेंटच्या हजेरीच्या रजिस्टरचा उतारा मिळाला एका जुन्या दफ्तरात. त्यात आजोबांचं नाव, जमात, आणि अंगठा. त्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवणारा कागद माझ्या शिक्षणाचा पुरावा झाला. वडिलांनी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवला आहे. फेकवत नाही आणि बघवत नाही.


मोरपीस:

आपल्याकडे एका अक्षराने केवढा फरक पडतो हे धनगर आणि धनगड वादात दिसलंच. अनुसूचित जमातींच्या यादीतल्या नोंदीचा उच्चार काय यावर अख्ख्या समाजाची मागणी उभी होती; फेब्रुवारी २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने ती फेटाळली.


सांजवेळ (धागाकर्ती):

मोरपीस, उदाहरण चपखल आहे, पण त्यावरून आरक्षणाची चर्चा सुरू झाली तर हा धागा तिकडेच जाईल. त्यासाठी वेगळा धागा काढू या.

कुडाची भिंत, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल काय म्हणू कळत नाही. एक विचारू का? नको वाटलं तर उत्तर देऊ नका. त्या रजिस्टरात आजोबांचं जे नाव आहे, घरात त्यांना तेच म्हणत होते का?


दूरदेशी:

विषयाला धरून एक राहिलं. आयनूंपैकी कायानो शिगेरू १९९४ मध्ये जपानच्या वरिष्ठ सभागृहात गेले, तिथे जाणारे पहिले आयनू, आणि तिथे ते आयनू भाषेत बोलले. त्यांच्या गावाजवळच्या निबुतानी धरणाविरुद्ध ते न्यायालयात गेले होते. १९९७ मध्ये सप्पोरोच्या न्यायालयाने जमीन घेणं बेकायदा ठरवलं आणि आयनूंना मूळ निवासी म्हटलं. पण धरण तोवर बांधून, भरून झालं होतं, ते तसंच राहिलं. संसदेने मूळ निवासी म्हणायला २००८ उजाडलं, कायद्यात यायला २०१९. आणि ज्या शहरात निकाल लागला त्या सप्पोरोचं नाव मुळात आयनू भाषेतलं. शहराचं नाव राहिलं, माणसांची बदलली.


कुडाची भिंत:

सांजवेळताई, तुमचा प्रश्न वाचला आणि मला उत्तर माहीत नव्हतं. रजिस्टरात 'बाळू' लिहिलंय. आम्ही तेच धरून चाललो होतो. काल रात्री अकोल्याच्या आत्याला फोन केला. ती ऐंशीच्या पुढे आहे, कमी ऐकू येतं, दोनदा ओरडून विचारावं लागलं. मग ती गप्प झाली, मला वाटलं फोन कटला. नंतर म्हणाली, बाळू ते साहेबाने लिहिलं होतं, आई त्याला वेगळंच म्हणायची. आणि तिने ते नाव सांगितलं, आमच्या बोलीतलं. मी कधीच ऐकलं नव्हतं. त्यातलं एक अक्षर देवनागरीत नीट लिहिता येत नाही, म्हणून इथे लिहीत नाही. मुलीला शेजारी बसवून तीन-चार वेळा म्हणून घेतलं. तिला माझ्यापेक्षा लवकर जमलं.